शेवटी म्हातारा उठतो

त्या म्हाताऱ्या नटाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. नावातल्या एका अक्षरावर दोन टिंबं आहेत आणि त्या टिंबांसाठी ओठांचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी त्याला मनातल्या मनात नुसतं ‘म्हातारा’ म्हणते. दरवर्षी दिवाळी झाली, कामशेतहून आमच्या गावाकडे जाणारी जीप चढाला लागली आणि खिडकीतून कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास आत आला, की मला आधी तो म्हातारा आठवतो आणि मग माझे वडील. क्रम उलटा असायला हवा, हे मला कळतं. पण आठवणींना कोण रांगेत उभं करणार?

ते एक स्वीडिश संगीत नाटक आहे. सिनेमा नव्हे. रंगमंचावर, समोर बसलेल्या प्रेक्षकांसाठी झालेला प्रयोग कॅमेऱ्यांनी टिपलेला. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमनी तो मला पेन ड्राइव्हवर दिला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ‘नाटक कसं बघायचं’ हे शिकवण्याची गोष्ट असते, हेच मला मॅडमच्या वर्गात पहिल्यांदा समजलं. त्या म्हणायच्या, “सारिका, बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात. तू ऐकणाऱ्याकडे बघ.” आज मी लोणावळ्यात एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. माझ्याजवळ जे काही थोडं शहाणपण आहे, त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यातून आलेलं आहे.

नाटकाची गोष्ट साधी आहे. स्वीडनच्या उत्तरेला एक खेडं. हिवाळा यायच्या आत जनावरांसाठी गवत कापून, वाळवून कोठारात भरायचं आहे आणि वर ढग जमलेत. घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली. थोरली मुलगी शहरातून परत आली आहे, तिला पुन्हा जायचं आहे. गवत आत येईल का आणि मुलगी राहील का, एवढ्यावर सगळी गाणी उभी आहेत. रंगमंचाच्या डाव्या कडेला बापाचा बिछाना. तो पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या अंधारापर्यंत तिथंच असतो. एक शब्द बोलत नाही, एक सूर गात नाही.

लोणावळ्यात खोलीवर राहताना मी हे नाटक मैत्रिणींना दाखवलं तेव्हा त्या हसत सुटल्या. एक म्हणाली, “अगं, तिकडे बाप मरायला टेकलाय आणि ह्या बायका कमरेवर हात ठेवून गातायत काय?” मला त्यात काहीच वेगळं वाटलं नव्हतं. आंदर मावळात आमच्याकडे भात कापताना भलरी म्हणायचे. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची आणि झेलता झेलता विळा पुढे सरकायचा. ओळ उचलणारे माझे वडील, नाना. त्यांचा आवाज गोड वगैरे नव्हता, पण बांधाच्या पलीकडे, ओढ्याच्याही पलीकडे जायचा. माणसं काम करता करता गातात आणि दुःखातही गातात, हे मला स्वीडनकडून शिकायचं नव्हतं.

त्या नाटकाचं मला आधी वेड लागलं ते थोरलीचं काम करणाऱ्या नटीमुळे. गवत कापायच्या लांब गाण्यात ती खरोखर दमते. तिचा श्वास ऐकू येतो. कुणी दुसरी असती तर तो लपवला असता. ही दोन ओळींच्या मधे तोंड उघडून हवा घेते, घाम पुसत नाही आणि शेवटचा सूर जरा खाली लागतो तरी तसाच सोडते. धाकटीच्या नवऱ्याचं काम करणारा मात्र मला कधीच आवडला नाही. प्रत्येक ओळीला हात पसरतो, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा. आणि दिग्दर्शिका? तिनं रंगमंचावर गवताची एक काडी आणलेली नाही. नुसत्या जाड दोऱ्या आणि त्यांच्यावर वाळत घातलेली पिवळी कापडं. पण बायका ती कापडं झटकतात तेव्हा प्रकाशात धूळ उडते. ती धूळ खरी असते. एवढ्या एका धुळीनं सगळं शेत उभं राहतं. असं काही पाहिलं की मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवायचे.

म्हाताऱ्याकडे मात्र मी फारसं पाहिलंच नव्हतं. कॅमेराही त्याच्याकडे क्वचित जायचा.

मग एका वर्षी, नवरात्र उलटून गेल्यावर, नाना गोठ्यात शेण भरताना पडले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं. तळेगावच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा भात पिकून पिवळं झालं होतं. व्यायाम शिकवणारे डॉक्टर म्हणाले, “पहिले काही महिने हातात आहेत. जे परत यायचं ते याच काळात येईल. रोज व्यायाम, खंड नको.” मी शाळेतून रजा घेतली. आमच्याकडे सावडीनं कापणी होते. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. घरटी एक माणूस द्यावाच लागतो. आमचा माणूस खाटेवर, म्हणून आई जायची. मला विळा नीट चालवता येत नाही. आईनंच कधी चालवू दिला नाही. “हात पेनाचं राहू दे,” म्हणायची. तर हात पेनाचे घेऊन मी नानांपाशी.

सकाळी आई आणि शेजारची चंद्रामावशी भाकरी फडक्यात बांधून निघायच्या आणि घर एकदम मोठं व्हायचं. मी गाईचं जुनं दावं आढ्यावरून टाकलं होतं. एका टोकाला नानांचा उजवा हात, दुसरं टोक डाव्या हातात. डाव्यानं ओढायचं म्हणजे उजवा वर जातो. नाना ओढायचेच नाहीत. मी ओढायला लावलं की दावं फेकून द्यायचे. एकदा पेजेची वाटी भिंतीवर आपटली. त्यांना बोलता येत नव्हतं, फक्त ‘आं’ असा एक आवाज निघायचा आणि त्या एका आवाजात पाणी हवंय, लघवीला लागलंय, गाय का ओरडतेय, तू इथून जा, सगळं असायचं. मी चुकीचं ओळखलं की ते डोळे मिटून घ्यायचे. ज्या माणसाचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा, त्याच्या खाटेपाशी बसून मी ‘नाना, पाणी? नाना, पाय दुखतोय?’ असं विचारत राहायचे. पदवीचा तिथं काही उपयोग नव्हता.

दुपारी वेळ जावा म्हणून मी मोबाइल तांब्याला टेकवून ते नाटक लावायला लागले. खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगायचे. आई जेवायला घरी आली की तीही बसायची.

“कुटलं गाव गं ह्ये?”

“स्वीडन. लांब आहे, आई. बर्फाचा देश.”

“मंग भात कसं पिकतंय?”

“भात नाही, गवत कापतायत. जनावरांना.”

“गवतासाठी येवडी गानी? आन् आमी हितं भात कापतोय तोंड मिटून.” मग नानांकडे बघून म्हणाली, “तुमी पडल्यापसनं कुनी वळ उचलंना झालंय. समदी मुक्यावानी कापत्यात.”

नाना पडद्याकडे बघत राहिले.

“आन् ही थोरली, हिचं लगीन न्हाई झालं व्हय?”

“नाही.”

“तुझ्यावानीच म्हनायची.”

मी तेव्हा पहिल्यांदा म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. शेजारी नाना होते म्हणून. तेव्हा मला दिसलं की तो नट किती मोठा आहे. मुली गायला लागतात आणि त्याचे डोळे त्यांच्याकडे वळतात, पण जरासे उशिरा. आवाज आधी पोचतो, अर्थ मागून येतो, असे. नानांचंही तसंच होतं. मी ‘नाना’ म्हटल्यावर त्यांची नजर लगेच यायची नाही, मधे कुठंतरी थांबून यायची. हे त्या माणसानं कुठल्या घरात, कुठल्या खाटेपाशी बसून बघितलं असेल? काही गोष्टी मात्र खोट्या होत्या. तो फार शांत होता. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत नाही, तो वाटी फेकत नाही. दिग्दर्शिकेनं त्याचं तोंड प्रेक्षकांकडे ठेवलं आहे. खाटेवरचा माणूस दाराकडे बघतो. मॅडमना फोन करून हे सगळं सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? नट बरोबर आहे का, हे तपासायला माझ्याकडे आता खरा माणूस आहे, असं?

नाटकाचा शेवट असा. गवत आत आलेलं आहे, पाऊस कोसळतो आहे. थोरली बिछान्यापाशी बसते आणि बापाच्या छातीवर डोकं ठेवते. ती राहणार की जाणार, सांगत नाहीत. अंधार. मग दिवे लागतात, टाळ्या सुरू होतात, वादक कापणीचं गाणं पुन्हा जोरात धरतात. सगळे नट रांगेत येऊन वाकतात. मग रांग मधोमध दुभंगते, सगळे बिछान्याकडे वळतात, आणि म्हातारा गोधडी बाजूला सारतो, पाय खाली सोडतो आणि चालत पुढे येतो. थोरली धावत जाऊन त्याचा हात धरते. तो हसतो. सगळं नाट्यगृह उभं राहतं.

त्या दुपारी माझे हात भाकरीच्या पिठात होते. मागून आईचा आवाज आला.

“उटला! आगं सारके, उटला की गं म्हातारा! अवो, बगितलं का? उटला त्यो!”

मी वळून पाहिलं. आई गुडघ्यावर उभी होती. नानांनी मान उशीवरून उचलली होती, इतकी की गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. डोळे मोबाइलला लागलेले. ‘आं’ असा आवाज आला. तो कुठला ‘आं’, ते मला ओळखता आलं नाही. तसा मी आधी ऐकलेला नव्हता.

आमच्याकडे जत्रेत नाटक होतं. खेळ संपला की पडदा पडतो. राजा मागच्या अंगाला जाऊन मुकुट मांडीवर घेऊन विडी ओढत बसतो. मेलेला माणूस सगळ्यांसमोर उठून हात जोडत नाही. त्या लोकांची ही रीत ज्यानं कधी पाहिलीच नाही, त्याच्यासाठी गोष्ट अंधारात संपत नाही. पुढे उजेड होतो, गाणं वाजतं, आजारी बाप उठतो, लेक धावत येते, आणि गाव टाळ्या वाजवतं. कुठलाही शहाणा माणूस असंच समजेल.

संध्याकाळी चंद्रामावशी दारात. “सारके, काय म्हन्तीया तुझी आय? फॉरिनचा म्हातारा उटला म्हनं.”

“मावशी, ते नाटक…”

“आगं, आमच्या ह्यांस्नी बी दाव की. गुडगं धरून बसल्यात, उटत्याल तरी. आन् औषध कंचं घेतलं त्यानं, त्ये बग.”

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी मनाशी म्हटलं, खरं काय ते आज नको, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत असताना करकर असा आवाज आला. आढ्यावर दावं घासल्याचा. नाना डाव्या हातानं ओढत होते. उजवा हात पाखराच्या मोडक्या पंखासारखा वर जात होता, खाली येत होता. मी चुलीपाशीच बसून राहिले. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, “वा, मनावर घेतलंय यांनी. काय केलंत?” आई म्हणाली, “पिच्चर दावला.” डॉक्टर हसले.

मग ते रोजचंच झालं. व्यायाम झाला की नाना डाव्या हातानं मोबाइलकडे बोट करायचे. सगळं नाटक नको, फक्त शेवट. मीही तो त्यांच्याबरोबर इतक्यांदा पाहिला की मला त्यात काहीतरी नवीन सापडलं. म्हातारा उठतो तेव्हा त्याची पहिली दोन-तीन पावलं अडखळतात. एवढा वेळ हालचाल न करता पडून राहिल्यानं त्याच्या पायाला खरोखर मुंग्या आलेल्या असणार. तो नटीचा हात धरतो तो दाखवायला नव्हे, आधारासाठी. कॅमेरा नेमका तेवढ्यापुरता पायांवर जातो. ज्यानं तो तिथं नेला त्याचं मला फार कौतुक वाटायचं. नाना त्याच जागी बोट उचलायचे. मी चित्र थांबवायचे. ते पावलं बघायचे. आधी कुठला पाय टाकतो, टाच आधी टेकते की बोटं. मी ज्याला अभिनयाबाहेरचा एक सुंदर क्षण म्हणत होते, ते नानांसाठी चालणं शिकवणारं चित्र होतं.

यंदा मी गावी आले तेव्हा नाना ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांना तिथं उचलून आणावं लागतं. मी पिशवी ठेवली, पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि माझ्यामागे दूर खाचराकडे बघत राहिले. तिथं दुसऱ्याच कुणाच्या विळ्यानं भात आडवं होत होतं. आई आता बरीच वाकली आहे. ‘उटला’ हा शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी काढत नाही.

त्या वर्षी हात थोडा सुधारला. बोटं हलली. खांदा हलला. आई देवाला नारळ बोलली. पाय मात्र तसाच राहिला, ओल्या लाकडासारखा. कापणी संपली, पेंढ्या सुकल्या, भारे खळ्यावर आले, आणि पाय तसाच. नाना दावं ओढतच होते. पण आता शेवट बघून झाल्यावर ते माझ्याकडे बघायचे. नुसते बघत राहायचे.

आमची झोडणी होती त्या दिवशी सावडीची सगळी माणसं आमच्याच खळ्यावर. घरामागून पेंढी फळीवर आपटल्याचा धप-धप आवाज येत होता, अंगणात तूस उडत होतं. ऊन छान कोवळं होतं. मी शेवट लावला. म्हातारा उठला, चालत पुढे आला. नानांनी बोट उचललं, मी चित्र थांबवलं. त्यांनी बोट मोबाइलकडे केलं. मग आपल्या उजव्या पायाकडे. मग माझ्याकडे. आणि ‘आं’ म्हणाले.

या वेळी अर्थ ओळखायला काहीच कष्ट पडले नाहीत. मी आयुष्यात इतका स्पष्ट प्रश्न ऐकलेला नाही.

पाणी, लघवी, गाय, यांतलं काहीतरी चुकीचं ओळखून दाखवावं, असं एकदा मनात आलं. पण ते वाट बघत होते. आणि मला त्यांचं ते दावं ओढणं आठवलं, सकाळच्या थंडीत, दात आवळून. हा माणूस आपल्याच पायाला दोष देत राहणार. तो परदेशातला उठला, मी का उठत नाही, माझंच काहीतरी कमी पडतंय, असं.

“नाना,” मी म्हटलं, “ते सोंग आहे. तो माणूस आजारी नव्हताच. सोंग होतं त्याचं. खेळ संपला, म्हणून उठला.”

त्यांची नजर लगेच आली नाही. मधे कुठंतरी थांबली, मग आली. त्यांचा चेहरा हलला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या दुखण्यात हसू आणि रडू माणसाच्या ताब्यात राहत नाही, त्यावरून काही समजू नका. म्हणजे ते रडले यावरूनही मला काही समजून घेता येत नव्हतं. कदाचित त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल. जत्रेत त्यांनी काय कमी सोंगं पाहिली होती? बोलता आलं असतं तर म्हणालेही असते, ‘येडी का काय तू, नाटकवाला हाय त्यो, मला कळंना व्हय?’ कदाचित ते आईसाठी बघत असतील. कदाचित माझ्यासाठी. किंवा खरोखरच आत्ता, माझ्या तोंडून, त्यांना पहिल्यांदा कळलं असेल. यातलं कुठलं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही कळलेलं नाही. विचारायची सोय नाही.

मी मोबाइल पालथा घातला. नानांनी डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला. मला वाटलं, दाव्याकडे नेतील. त्यांनी तो उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला, आणि डावा हात परत घेऊन तोंड दाराकडे केलं. खळ्यावरून कुणीतरी हसून ओरडत होतं, “सारके, पानी आन गं!”

हात जड होता आणि ऊबदार होता. त्याचं काय करायचं ते मला कळेना. मी तो धरून बसून राहिले.